कोलंबीवरचा आळ

बोईसरच्या बाजारात हंसाच्या टोपलीपाशी आलेली बाई आधी भाव विचारत नसे. आधी विचारायची, "मावशी, काल घरी काय केलं होतंस?"

कारण हंसा जी मासळी विकायची ती आधी घरी शिजवून खायची. "काल दाढ्याचं कालवण होतं, भात कमी पडला बाय आमाला," असं ती म्हणाली की दाढा दुपारच्या आत संपायचा. एखाद्या दिवशी गिऱ्हाईकाचा हात बोंबलाकडे गेला तर तीच हात धरायची. "ते नको आज. पानी सुटलंय त्याला. उद्या ये." शेजारच्या मासेवाल्या कपाळाला हात लावायच्या. एवढा धंदा असा तोंडानं घालवते म्हणजे काय! पण दुसऱ्या दिवशी तीच बाई परत हंसाकडेच यायची.

हंसा घिवली गावची सून. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं आठवड्याच्या आत डोक्यावर टोपली दिली आणि बाजारात नेऊन बसवलं. पहिले काही दिवस तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग कुणीतरी विचारलं, "पोरी, हा पापलेट चांगला आहे का?" आणि ती घाबरून खरं तेच बोलून गेली, "माहीत नाय. मी काल मांदेली खाल्ली, ती चांगली होती." त्या बाईनं हसून मांदेली घेतली. तिथून हंसाला आपली वाट सापडली. आता पन्नाशी उलटली. नवरा पंढरी पूर्वी स्वतःच्या बोटीवर तांडेल होता, बोट तोच हाकायचा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बोट मुलानं, दिपेशनं घेतली आणि पंढरी ओट्यावर बसून जाळी विणू लागला. दिपेशची बायको दिशा चिंचणीची, बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. घर चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

एकच कुरबूर होती. गेल्या दिवाळीपासून हंसाची झोप उडाली होती. अंथरुणाला पाठ टेकली की कानात बाजारच भरायचा. एकदा टोपलीशी बसल्या बसल्या तिला डुलकी लागली, आणि नेमकी तेव्हाच हिना आली.

हिना मूळची दमणची, बोईसरला दिलेली. मासळीची तिला खरी पारख होती, त्यामुळे दोघींचं चांगलं जमायचं. तिनं हंसाला हलवून जागं केलं. "मावशी, तुम्ही झोपत नाही का?"

"झोपच येत नाय ग हिनाबेन. काय करू?"

पुढच्या खेपेला हिनानं पिशवीतून एक छोटा डबा काढला. आत वाळलेली फुलं होती. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं बोंड, शेवंतीची पिल्लं असावीत तशी. "कॅमोमाईल. माझी मम्मी रोज पिते. गरम पाण्यात टाकायची, झाकून ठेवायची, गाळून प्यायची. झोप एकदम सरस येते."

हंसानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. घरी पंढरीनं त्याचं बारसं केलं, "फुलपाणी". दिवेलागणीला जेवणं झाली की हंसा फुलपाणी करायची आणि पंढरी विचारायचा, "काय, लागली का झोप?" खरं सांगायचं तर झोप थोडी लागायला लागली होती. फक्त पिताना ओठांना चुणचुण व्हायची, घसा खवखवायचा, चार-दोन शिंका यायच्या. गरम पितेय, त्यानं होत असेल, असं म्हणून ती पदरानं नाक पुसायची.

थंडीच्या शेवटी एके दिवशी दिपेशच्या बोटीला बख्खळ कोलंबी मिळाली. टपोरी, डोळे अजून चमकणारी. हंसानं संध्याकाळी चिंच घालून कालवण केलं, वर थोडी तळली. सगळी पोटभर जेवली. डब्याच्या तळाशी उरलेली फुलं झटकून तिनं शेवटचं फुलपाणीही केलं. भांडी घासायला बसली तर तळहात खाजायला लागले. मग मान. मग पोट. दिशानं दिवा जवळ आणून पाहिलं तर अंगभर गांधी उठल्या होत्या आणि वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला होता.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. "काय खाल्लं होतं?"

"कोलंबी," चौघांनी एकदम सांगितलं.

"मग तीच. कोलंबी कधीही उलटते, आयुष्यभर खाल्ली असली तरी. सध्या सगळीच मासळी बंद करा. पुन्हा काही झालं तर पालघरला तपासणी करून घेऊ."

त्या फुलांच्या चहाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चहा काय, कोण मोजतं?

हंसानं मासळी सोडली. फुलंही संपली होती आणि हिना आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दमणला गेली होती, त्यामुळे फुलपाणी आपोआपच बंद झालं. नंतर अंगावर एक गांध उठली नाही. आठवडे गेले, काही झालं नाही. सगळ्यांची खात्री पटली. कोलंबीवरचा आळ पक्का झाला.

आता ज्या घरात मिठाच्या आधी मासळी येते, त्या घरात बिनमासळीचं जगायचं म्हणजे काय, हे हंसाला कळायला लागलं. सकाळी दुधी, संध्याकाळी वाल, दुसऱ्या दिवशी परत दुधी. घास तोंडात फिरत राहायचा. शेजारच्या घरात बोंबील तव्यावर पडला की ती उठून मागच्या दारी जाऊन उभी राहायची. बोट किनाऱ्याला लागली की पूर्वी ती पळत जायची. आता दिशाला पाठवायची. पंढरीनं मोठ्या तोंडानं जाहीर केलं, "हंसा खात नाय तर मी पन खानार नाय." हंसाला भरून आलं. पण त्याचं अंग काही उतरेना आणि दुपारी त्याला रोज बहिणीची, सुगंधाची, आठवण येऊ लागली. एक दिवस तो तिच्याकडून परतला तेव्हा त्याच्या मिशीला हिरव्या मसाल्याचा रस्सा लागला होता.

"सुगंधाकडं दुधीच होता का?" हंसानं विचारलं.

पंढरीनं मिशी पुसली आणि जाळ्यात डोकं घातलं. हंसा बऱ्याच दिवसांनी हसली. "खा रे बाबा. घरीच खा. तुझ्या उपासानं माझं पोट थोडंच भरतंय?"

घरचं असं निभत होतं. बाजारात मात्र निभेना. "मावशी, काल काय केलं होतंस?" या प्रश्नाला आता उत्तर नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं खरं सांगितलं, "डॉक्टरनं मासे बंद केलेत मला." त्या बाईनं टोपलीकडे पाहिलं, हंसाच्या तोंडाकडे पाहिलं. "अगं, तुलाच बाधले तर आमचं काय?" आणि ती पुढच्या टोपलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी हंसानं खोटं बोलून पाहिलं. "काल सुरमई..." आणि पुढचा शब्दच येईना. सुरमईची चव आठवून डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच. गिऱ्हाईक घाबरून गेलं.

दिशानं हातमोजे आणून दिले, न जाणो हातानंही बाधायची. त्या रबरी हातांतून पापलेट साबणासारखा निसटायचा. दोन दिवसांत हंसानं मोजे काढून फेकले, पण भीती गेली नाही. मासळी साफ करून झाली की ती तळहात उलटेसुलटे करून बघायची. एका संध्याकाळी तिनं दिशाला म्हटलं, "मी आता बाजार सोडते. तू बस."

"आई, मला सुरमई आणि तिची बहीण वेगळ्या ओळखता येत नाहीत," दिशा म्हणाली. "आणि तुम्ही काय करणार घरी?"

"दुधी चिरीन," हंसा म्हणाली, आणि त्यावर कुणाला हसू आलं नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा हिना परत आली. बाजारात आल्या आल्या तिनं टोपली बाजूला सारून हंसाचा हात धरला. "मावशी, किती बारीक झालात! आजारी होता का?" हंसानं सगळं सांगितलं. हिना हळहळली. मग तिनं पिशवीतून भलं मोठं पाकीट काढलं. "मम्मीनं खास तुमच्यासाठी पाठवलंय. मासे नाही तर नाही, झोप तरी चांगली लागू दे."

त्या दुपारी हंसा घरी आली ती थकून. वरणभात आणि भेंडी खाल्ली. मग वाटलं, कुणीतरी एवढ्या मायेनं दिलंय, रात्रीची वाट कशाला बघायची? जरा आडवं होऊ. तिनं मूठभर फुलं उकळत्या पाण्यात टाकली, झाकण ठेवलं आणि दाट पिवळं झालेलं पाणी ग्लासभरून प्यायली.

ग्लास खाली ठेवेपर्यंत ओठ बधिर झाले. जिभेच्या मुळाशी काटे उठले. ती ओट्यावर पंढरीपाशी गेली तेव्हा डोळे सुजून मिटायला आले होते. "अवो," ती म्हणाली, आणि आवाज तिचा नव्हताच, घोगरा, कुठूनतरी खोलवरून आल्यासारखा. पंढरीनं हातातली सुई टाकली. दिशा पहिली पाळी संपवून नुकतीच दारात आली होती. तिनं चप्पलही काढली नाही. धावत जाऊन शेजारच्यांची रिक्षा काढायला लावली.

बोईसरचा रस्ता हंसानं हजारदा पाहिला होता, पण त्या दिवशी तो संपतच नव्हता. छातीवर कुणी ओली जाळी रचावीत तसा श्वास अडत होता. दिशा तिच्या पाठीवर हात ठेवून सारखी बोलत होती, "आई, आलंच. ते बघा, कारखाने लागले. आलंच आता." हंसाला कारखाने दिसत नव्हते. तिच्या मनात एकच होतं, मासळी सोडली, आता आणखी काय सोडू?

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन टोचलं, नाकाला नळी लावली. हळूहळू, भरती उतरावी तसा गळा मोकळा व्हायला लागला. पहिला पुरा श्वास आत गेला तेव्हा हंसानं डोळे मिटले आणि तो तसाच थोडा वेळ धरून ठेवला. सोडावासाच वाटेना.

तिथले तरुण डॉक्टर पंढरीला विचारत होते, "मासे खाल्ले का?"

"नाय हो! हिवाळ्यापासून नखभर मासळी नाय खाल्ली तिनं."

"मग आज वेगळं काय खाल्लं?"

"भेंडी. वरणभात. रोजचंच." पंढरीनं कपाळ चोळलं. "आनि ते फुलपाणी प्यायली."

"फुलपाणी म्हणजे?"

दिशानं मोबाईलवर पाकिटाचा फोटो शोधून दाखवला. हंसानं दुपारी घरी आल्या आल्या कौतुकानं तिला पाठवला होता. डॉक्टर तो बराच वेळ बघत राहिले. मग खाटेशी आले. "मावशी, कोलंबीच्या दिवशीसुद्धा हे प्यायला होतात?"

हंसानं आठवलं. भांड्यांच्या आधी. डब्याच्या तळाची फुलं. तिनं मान हलवली. "शेवटचं होतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"त्यानंतर आजच?"

"आजच."

"झेंडूचा, शेवंतीचा कधी त्रास होतो?"

हंसाच्या आधी पंढरीच बोलला. "दसऱ्याला बोटीला झेंडूच्या माळा घालतो आमी. हिला तिथं बसूच देत नाय. शिंकून शिंकून डोळे लाल करून घेते. माळा मीच करतो, लग्नापासून." एवढं बोलून तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ही फुलं त्याच कुळातली आहेत," डॉक्टर म्हणाले. "ज्याला झेंडू-शेवंती सोसत नाही त्याला हा चहा बाधू शकतो. सगळ्यांना नाही, पण काहींना फार जोरात बाधतो."

हंसा उठून बसायला लागली. नर्सनं तिला दाबून धरलं. "म्हंजे," ती म्हणाली, "कोलंबीनं काय नाय केलं?"

"तसं मी आत्ता सांगू शकत नाही. पालघरला तपासणी करू, मग बोलू. तोवर दोन्ही बंद."

पण हंसाच्या चेहऱ्यावर काय आलं ते दिशानं पाहिलं. ओठ सुजलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि त्या तसल्या तोंडानं सासू हसत होती.

काही आठवड्यांनी हंसा पालघरच्या डॉक्टरीणबाईंसमोर हात पसरून बसली. सांगितल्याप्रमाणे दिशानं एका पिशवीत ती फुलं आणली होती आणि दुसरीत घट्ट झाकणाचा डबा. डॉक्टरीणबाईंनी हंसाच्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब टाकला आणि बारीक सुईनं टोचत गेल्या. "ही सुरमई. हा पापलेट. ही कोलंबी. हे तुमचं फूल. आता हलवू नका, खाजवू नका."

हंसा हाताकडे बघत बसली. वादळात बोट बाहेर असली की ती समुद्राकडे बघायची, तशी. थोड्याच वेळात अगदी वरच्या खुणेपाशी कातडी फुगायला लागली. ती ओरडली. "उठला! बाई, उठला डाग!"

"तो उठायलाच हवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात उठवणारंच औषध आहे. तुमची कातडी खरं बोलतेय ना, ते बघायला."

मग फुलाची खूण लाल झाली, फुगली, रुपयाएवढी झाली. बरोबर आलेल्या पंढरीला ती बघवेना. आणि कोलंबीची खूण? हंसानं हात दिव्याकडे नेला. ओहोटीनंतरच्या वाळूसारखी सपाट. सुरमई सपाट. पापलेट सपाट.

"आता डबा उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण थोडं थोडं, माझ्यासमोर."

दिशानं झाकण काढलं आणि कोलंबीच्या कालवणाचा वास दवाखानाभर गेला. बाहेर बाकावर बसलेलं कुणीतरी म्हणालं, "आज कुणाचा वाढदिवस हाय काय?" तिथली नर्स दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी चमच्यावर भाताच्या शितापेक्षा जरा मोठा तुकडा घेतला. हंसानं तो जिभेवर ठेवला. सगळे तिच्या ओठांकडे बघत होते. वेळ गेला. काही नाही. मग अर्धी कोलंबी. पुन्हा वाट बघणं. पंढरीच्या कपाळावर घाम आला होता. काही नाही. मग एक अख्खी.

ती अख्खी कोलंबी चावताना हंसाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नर्स पुढे झाली. "मावशी, काय होतंय? घसा आवळतोय?"

हंसानं मान हलवली. घास गिळला, डोळे पुसले आणि सुनेकडे वळली. "मीठ जास्त झालंय ग."

दिशा आधी हसली, मग तीही रडली. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या घासानंतर बराच वेळ थांबवून ठेवलं, आणि मग सोडताना नीट समजावलं. मासळी सगळी चालेल. फुलांचा, पाल्याचा कुठलाही तयार चहा विचारल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. कधी चुकून त्रास झालाच तर वाट बघत बसायचं नाही. त्यासाठीचं इंजेक्शन घरी ठेवायचं. ते कसं द्यायचं हे त्यांनी दिशाला दोनदा करून घेऊन शिकवलं. दिशानं ते इतक्या गंभीरपणे शिकून घेतलं की पंढरी म्हणाला, "आता हिच्याशी भांडायचं नाय बाबा."

घरी जाताना रिक्षात हंसा डब्यात उरलेलं कालवण मांडीवर धरून बसली होती.

बाजारात तिची जागा तिला परत मिळायला दोन दिवस लागले नाहीत. गिऱ्हाईकं जशी कुजबुजत गेली होती तशीच परत आली. हिना मात्र दिसेना. एक रविवार गेला, दुसरा गेला. कुणीतरी तिच्या कानावर घातलं असणार, हे हंसानं ओळखलं. तिसऱ्या रविवारी तिनं टोपली शेजारणीच्या हवाली केली, दोन सरंगे निवडून पिशवीत घातले आणि पत्ता विचारत विचारत हिनाच्या इमारतीत तिसरा मजला चढून गेली.

दार उघडताच हिनाचा चेहरा पडला. "मावशी... मला कळलं. मला तर तोंड दाखवायला..." ती दारातून बाजूला सरकली. "मीच दिलं ते. तुमचा जीव गेला असता."

"गेला नाय ना?" हंसा आत येऊन खाली बसली. "हे बघ, तू विष दिलं होतंस का? माझी झोप उडाली होती ती एकट्या तुला दिसली. मला तरी कुठं माहीत होतं, झेंडू आनि ते फूल भाऊबहीण म्हनून?"

हिना डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा स्वतःचा फुलांचा डबा काढून कचऱ्याच्या बादलीवर धरला.

"अगो थांब!" हंसा ओरडली. "तुला सोसतो ना तो?"

"हो. कधीच काही नाही झालं."

"तुझ्या आईला?"

"तिला पण नाही."

"मग टाकतेस कशाला? एकाला बाधलं म्हनून सगळ्या गावानं दुधी खायचा काय?"

हिनाला रडता रडता हसू आलं. तिनं डबा परत फळीवर ठेवला, अगदी मागच्या बाजूला. मग हात धुतले, दोनदा, आणि आलं घालून दुधाचा चहा टाकला. चहा उकळेपर्यंत हंसानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पिशवीतला सरंगा काढला आणि सुरी मागितली. हिना तिच्यासमोर उकिडवी बसली. घराच्या उघड्या खिडकीतून वारा येत होता, खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"याचं काय करू?" हिनानं विचारलं. "तळू की कालवण?"

"अर्धा तळ, अर्ध्याचं कालवण," हंसा म्हणाली. "आनि भात जरा जास्त टाक. मी जेवूनच जानार हाय."